चादरींच्या कारकुनाचा वशिला

वसईच्या गोखिवऱ्यात आमच्या सोसायटीत माझी अशी ख्याती होती की मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात माझा शब्द चालतो. ही ख्याती मी पसरवली नाही, एवढं शपथेवर सांगू शकतो. पण खोडलीही नाही. आज जे लिहितोय ते त्या न खोडण्याबद्दल.

मी त्या हॉस्पिटलात नोकरीला आहे हे खरं. पण कुठे, तर लिनन स्टोअरला. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे, ऑपरेशन थिएटरची कापडं. सकाळी धुऊन आलेले गठ्ठे मोजून घ्यायचे, वॉर्डांच्या मागणीप्रमाणे द्यायचे, फाटक्या चादरीवर ‘बाद’ असा शिक्का मारायचा. पंचवीस वर्षं होत आली, हेच करतोय. डॉक्टर मला ओळखत नाहीत. सिस्टर ओळखतात, पण त्यांच्या लेखी माझं नाव ‘चादरवाले’. “अहो चादरवाले, काल अभ्रे कमी आले हो!” एवढीच माझी सत्ता आणि एवढाच माझा दरारा.

पण हे सोसायटीला कसं कळणार? त्यांना दिसायचा तो गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र लटकवून संध्याकाळी गेटमधून आत येणारा माणूस. ते ओळखपत्र मी ऑफिस सुटल्यावरही काढत नसे. बायको म्हणायची, “घरी तरी काढा तो पट्टा. कोणी चोरून नेणार नाही तुम्हाला.”

सुरुवात झाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मोतीबिंदूपासून. मी त्यांच्या मुलाला एवढंच सांगितलं, की केसपेपरची खिडकी किती वाजता उघडते आणि डोळ्यांची ओपीडी कुठल्या जिन्याने. आजींना दिसायला लागलं आणि त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे माझं नाव सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. मग कोणाचा हर्निया, कोणाच्या सासऱ्यांचं प्रोस्टेट, कोणाच्या भाच्याचा हात. वसई-विरारमध्ये दवाखाने कमी आहेत असं नाही, गल्लोगल्ली पाट्या आहेत. पण दुखणं जरा मोठं झालं की सगळ्यांची तोंडं मुंबईकडे वळतात. आणि मुंबईकडे तोंड वळलं की आधी प्रश्न येतो, “तिथे ओळखीचं कोण आहे?”

ओळखीचा मी होतो. मी एक ठरलेलं वाक्यही तयार केलं होतं. “सोमवारी माझ्याबरोबर चला.” सोमवारी बहुतेक मोठ्या डॉक्टरांची ओपीडी असायची, म्हणून सोमवार. आणि ‘माझ्याबरोबर’ का, तर ते कानाला बरं वाटायचं म्हणून. जाताना लोक मला खिडकीची जागा देत. आपली दुखणी सांगत. मी ऐकून ‘हं’ म्हणे. चादरींच्या कारकुनाने ‘हं’ म्हटलं तरी ते निदान वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

बायकोला मात्र सगळं ठाऊक होतं. “तुमचा वशिला फार तर धोब्याकडे,” असं ती म्हणायची. पण चारचौघांत नाही. तेवढी ती भली.

मग एका दुसऱ्या शनिवारी मी सकाळी खोबरं खवत बसलो होतो, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी दार न वाजवताच आत आले. हे साताऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, आवाज मीटिंगचा. त्यांच्या मुलीला तीन दिवसांपूर्वी वसईतल्या एका खासगी हॉस्पिटलात मुलगी झाली होती.

“उठा. ते खोबरं राहू द्या.”

“काय झालं?”

“नात हिरवं ओकली. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या. लहान मुलांचा सर्जन लागेल. अँब्युलन्स खाली उभी आहे. तुम्ही पुढे बसा. तुम्ही असलात की काम होईल.”

मी खोबऱ्याचे हात तसेच धोतराला, म्हणजे लुंगीला, पुसले आणि पँट चढवली. ओळखपत्र घातलं, हे सांगायला नको. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन होता, एक नर्स होती, मागून जावयांची गाडी होती. घोडबंदरच्या खाडीपुलावर नेहमीप्रमाणे कोंडी. सायरन वाजतोय आणि पुढचा ट्रक हलत नाही. सेक्रेटरी मागून ओरडले, “अहो, जरा फोन लावा तिकडे!” कोणाला लावणार? मी स्टोअरच्या लँडलाइनला लावला. शनिवारी तिथे कोण असणार? वाजत राहिला. मी “हो, हो, निघालोय” असं दोनदा म्हणालो आणि ठेवला.

आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

हॉस्पिटलला पोचल्यावर मी खरी कामगिरी एकच केली. ड्रायव्हरला म्हटलं, “मागच्या गेटने घ्या, कॅज्युअल्टी तिकडून जवळ.” तिथल्या सिस्टरने बाळाकडे पाहिलं, दुपट्यावरचा हिरवा डाग पाहिला आणि बाळ आत गेलं. मला कोणी काही विचारलं नाही. कोणी कोणालाच काही विचारलं नाही. केसपेपर मागाहून निघाला. आमच्या आधी एक बाई नुसती रिक्षातून उतरून, मुलाला खांद्यावर टाकून आत धावली होती. तिलाही कोणी ‘तुमचं इथे कोण आहे’ असं विचारलं नव्हतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

एका तरुण डॉक्टरने सेक्रेटरींना बाजूला घेऊन समजावलं, मी शेजारी उभा होतो. “नवजात बाळाने हिरवी उलटी केली की आतडं अडकलंय असंच धरून चालायचं. बाळ शांत दिसलं तरी थांबायचं नाही. पहिला प्रश्न, उलटीचा रंग कोणता? आतड्याला पीळ पडला असेल तर तासातासाने फरक पडतो.” तसंच निघालं. दुपारी ऑपरेशन झालं. पीळ सोडवला, आतडं गुलाबी होतं, पोर वाचली.

ऑपरेशन चालू असताना मी व्हरांड्यात एका वॉर्डबॉयच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होतो. त्याच्या वॉर्डातून माझ्या सहा चादरी परत आल्या नव्हत्या, त्यांची चौकशी चालली होती. सेक्रेटरींनी लांबून ते पाहिलं आणि त्यांचा पक्का समज झाला की मी आतली सूत्रं हलवतोय.

महिनाभराने सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी माइक हातात घेतला. “आज ही पोर आपल्यात आहे ती फक्त ह्यांच्यामुळे. ह्यांच्याशिवाय त्या हॉस्पिटलात आपल्याला उभं कोण करणार होतं?” शाल आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. माइक माझ्याकडे आला. तो क्षण होता. मी म्हणू शकलो असतो की बाबांनो, कॅज्युअल्टीचं दार सगळ्यांना उघडं आहे, मी फक्त गेट दाखवलं. मी म्हणालो, “माझं कर्तव्यच होतं.”

मंडपाच्या मागे आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी प्रसादाची पातेली घासत होत्या. त्यांनी ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मला दिसल्या.

मावशींची ओळख करून देतो. खाडीकडच्या एका गावातल्या, भावांचं अजून थोडं भातशेत आहे, लग्नानंतर गोखिवऱ्यात आमच्या बिल्डिंगच्या मागच्या चाळीत आल्या. नवरा कारखान्यात. एकदा त्याचा पाय मोडला होता, तेव्हा कुठल्याशा दवाखान्यात दिवसभर ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवलं होतं. संध्याकाळी शेजारच्या एका कंपाउंडरची ओळख निघाली तेव्हा प्लास्टर झालं. तेव्हापासून त्यांचं जगाविषयीचं मत ठरलेलं. “दादा, वळख नसंल तर मानूस म्हंजे नुसतं गाठोडं. कोनी बी कुठं बी ठेवतं.”

सत्यनारायणानंतर चारेक महिने मी भलताच फॉर्मात होतो. तो ‘रंग विचारायचा’ हा धडा मी स्वतःचाच असल्यासारखा सांगत सुटलो. लिफ्टमध्ये, गच्चीवर, एकदा तर भाजीच्या गाडीवर. “तान्ह्या बाळाने ओकलं की पहिलं काय विचारायचं? रंग!” बायको म्हणाली, “त्या भाजीवाल्याला तरी सोडा हो, त्याचं लग्न व्हायचंय अजून.”

मग नंदाखाल गावातलं लग्न आलं. आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणारा माझा सहकारी तिकडचा, त्याच्या मुलीचं लग्न. सकाळी चर्चमध्ये विधी, मग त्यांच्या केळीच्या वाडीत मंडप. शनिवार होता. बँड वाजत होता, म्हातारे नाचत होते आणि पानात फुगे होते. फुगे म्हणजे त्यांच्या लग्नात करतात ते गोल, तळलेले, आतून पोकळ पाव. कोंबडीच्या लालभडक रश्श्यात बुडवून खायचे. मी तिसऱ्या फुग्यावर होतो. तेव्हा फोन वाजला. मावशींचा.

मी मंडपाबाहेर आलो. माडाखाली उभा राहून फोन घेतला. आवाज स्वच्छ येत होता, हेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर मलाच पळवाट नको.

“दादा, पोरीचं बाळ सारकं वकतंय. दूध ठरत नाय.”

त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली होती. बुधवारी मुलगा झाला होता, शुक्रवारी घरी सोडलं होतं.

“अहो मावशी, तान्ही बाळं ओकतातच. पाजल्यावर खांद्यावर घ्या, ढेकर काढा.”

“तिची सासू बी तेच बोलली. हिंगाचं पानी लावलं पोटाला. पन पोट फुगलंय वो.”

“बरं. मग सोमवारी माझ्याबरोबर चला. साडेसहाला वसई स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी या. मी नेतो.”

“तुमीच न्या दादा. तुमच्याबिगर आमाला कोन उभं करंल?”

“नेतो म्हटलं ना!”

मी आत येऊन पुन्हा पानावर बसलो.

रंग विचारला नाही. भाजीवाल्याला सांगितलेला, लिफ्टमध्ये सांगितलेला प्रश्न मी मावशींना विचारला नाही. का? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो, की बँड होता, गर्दी होती, लक्ष नव्हतं. खोटं. तोच फोन सेक्रेटरींचा असता तर मी हात न धुता उठलो असतो. फोन मावशींचा होता. मावशींचं काम सोमवारी होतं, असं माझ्या डोक्यात कुठेतरी आधीच लिहिलेलं होतं. आणि ‘तुमच्याबिगर कोन’ हे ऐकून मला बरं वाटलं होतं. बरं वाटलेल्या माणसाला पुढचा प्रश्न सुचत नाही.

सोमवारी सकाळी ते तिकीट खिडकीपाशी उभे होते. मावशी, त्यांची मुलगी आणि जावई. मुलगी बाकावर बसली होती, बाळ दुपट्यात. रडत नव्हतं. मला वाटलं, झोपलंय. मावशींनी पदर सावरला, हसल्या. “बगा, आमी सहाला येऊन थांबलो.” मी दुपट्याचं टोक बाजूला केलं. पोट ढोलकीसारखं ताणलेलं, ओठ कोरडे, आणि गळ्याखालच्या कापडावर तो रंग. पालकाच्या पाण्याचा.

“हे असं कधीपासून?”

“शनवारपासून.”

मी गाडी ठरवली. ट्रेनने जायचं धाडस नव्हतं. रस्त्यात मावशींनी पिशवीतून एक चिठ्ठी काढून मला दिली, शाळेतल्या मुलाने प्रगतिपुस्तक द्यावं तशी. रविवारी सकाळी चाळीजवळच्या एका डॉक्टरांकडे त्या बाळाला घेऊन गेल्या होत्या. त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, तातडीने लहान मुलांच्या सर्जनकडे न्यावे.

“तो डॉक्टर तर बोलला, आत्ताच जा, मी अँब्युलन्स बोलवतो. लई घाई करत व्हता,” मावशी म्हणाल्या. “मी बोलली, नको. उद्या आमचे दादा नेनार हायेत. तिथं असं कोनाला बी घेत नाय.”

हे त्यांनी मान वर करून सांगितलं. माझा मान राखला होता त्यांनी.

मी ड्रायव्हरला म्हटलं, जोरात घ्या. खाडीपुलावर कोंडी नव्हती. गाडी भरधाव गेली.

कॅज्युअल्टीत मी नेहमीच्या सवयीने पुढे झालो. एका डॉक्टरने विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी इथलाच. लिनन स्टोअर—”

“बाजूला व्हा.”

बाळ आत गेलं. चिठ्ठी कोणी वाचली नाही, दुपटं पाहिलं, तेवढं पुरलं. सगळं तेच झालं जे सेक्रेटरींच्या नातीचं झालं होतं. तीच सिस्टर, तोच जिना. फक्त दोन दिवस उशिरा. दुपारी सर्जनबाई बाहेर आल्या. मुलीसमोर उकिडव्या बसल्या आणि साध्या शब्दांत सांगितलं, की आतड्याला पीळ पडला होता, त्याचं रक्त बंद झालं, बहुतेक सगळं आतडं काळं पडलंय. आम्ही प्रयत्न करतोय, पण आशा फार धरू नका. मग उभ्या राहून त्यांनी विचारलं, “शनिवारपासून उलट्या होत होत्या ना? दोन दिवस कुठे होतात तुम्ही?”

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. “ह्यांची वाट बगत व्हतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. मग आत गेल्या.

बुधवारी दुपारी बाळ गेलं. ठीक एक आठवड्याचं.

बारा दिवसांनी मावशी कामावर आल्या तेव्हा माझ्या बायकोला म्हणाल्या, “वहिनी, दादांनी लई केलं. सवताची रजा घातली, गाडी केली. आमच्या नशिबात नव्हतं, त्याला त्यांनी काय करायचं?” मी आतल्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो. बाहेर येऊन सांगता आलं असतं. मी पान उलटलं.

त्याला आता सहा वर्षं होतील. दर वर्षी मावशी भावाच्या शेतातल्या वालाच्या शेंगा आणून देतात. दर वर्षी मी त्या खाल्ल्या. सेक्रेटरींची नात पहिलीत गेली. लिफ्टमध्ये भेटली की विचारते, “काका, तुम्ही मला वाचवलं ना?” मी म्हणतो, “कितवा मजला?”

लोकांना हॉस्पिटलात नेणं मी हळूहळू बंद केलं. कंबर दुखते, ड्युटी बदलली, काहीही कारणं. लोक म्हणाले, मोठा झाला हा. बायकोने एकदा विचारलं, “हल्ली कोणाचं काम करत नाही तुम्ही?” मी म्हटलं, “वय झालं.” पण खरं काय ते कोणालाच सांगितलं नाही. म्हणजे बाकीच्यांनी चाळीत, बिल्डिंगमध्ये, पुढच्या गल्लीत तेच धरून ठेवलं, की तिथे ओळखीशिवाय घेत नाहीत. माझ्या गप्प बसण्याने ते उलट पक्कंच झालं.

ह्या वर्षी माघात मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, “दादा, पोरीला सातवा लागलाय. तुमचा नंबर तिच्या मोबाइलात वरच टाकून ठेवलाय. तुमी त्या टायमाला रजेवर नका जाऊ हां.”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी ओट्यावर ठेवला.

“मावशी, माझी तिथे काही ओळख नाही.”

“आसं कसं? तुमीच तर नेलंत.”

“मी नेलं म्हणून नाही घेतलं. कोणालाही घेतात. मी तिथे चादरी मोजतो. डॉक्टर मला ओळखतही नाहीत. तुम्ही पाहिलंत ना, ‘बाजूला व्हा’ म्हणाला.”

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला नाही, हातही थांबवले नाहीत.

“सेक्रेटरींच्या नातीला?”

“तिलाही तसंच घेतलं. मी फक्त गेट दाखवलं.”

“मंग त्या रविवारी आमी तशेच गेलो असतो तर?”

“घेतलं असतं.”

“कागद नसता तरी?”

“तरी.”

“कोनी बी नसतं तरी?”

“हो मावशी.”

मग मी बाकीचंही सांगितलं. लग्न, फुगे, आवाज स्वच्छ येत होता ते, रंग मला ठाऊक होता आणि विचारला नाही ते. एकदा सुरू झाल्यावर सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. बायको दारात येऊन उभी होती, केव्हा आली कळलं नाही.

मावशींनी शेवटचं पातेलं विसळून उपडं घातलं. फडकं पिळून वाळत टाकलं. मला वाटलं ओरडतील, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, “सा वर्सं मी पोरीला सांगत आले, तुझं नशीब खोटं.” आणि गेल्या.

चार दिवस आल्या नाहीत. बायकोने चार दिवस भांडी घासली आणि माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. “मीठ द्या.” “दार लावा.” पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. मावशी आणि त्यांची मुलगी. मुलगी दमली होती, जिना चढून आली होती, लिफ्ट बंद होती.

“हिला सांगा,” मावशी म्हणाल्या. “माज्या तोंडून हिला खरं वाटत नाय. बोलते, आई, तू भांडून आलीयस, म्हनून कायपन बोलतेस.”

मी सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत ऐकत होती. मधेच म्हणाली, “थांबा. रेकॉर्ड करते. चाळीच्या ग्रुपवर टाकू. एकेकाला कुठे सांगत बसणार?” तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. मी सुरू केलं आणि कुकरची शिट्टी झाली. “परत बोला,” ती म्हणाली. परत बोललो. नवजात बाळाने हिरवी उलटी केली तर कोणाचीही वाट बघू नका. पोट फुगलं, शी झाली नाही, तरी तेच. गेट मागचं. कॅज्युअल्टी डावीकडे. कागद नसला तरी चालतो, ओळख लागत नाही. मी तिथे चादरींचा कारकून आहे, माझ्यासाठी थांबू नका.

“झालं?” तिने विचारलं.

मावशी म्हणाल्या, “जेवत व्हतात ते पन सांगा.”

“आई, नको ना,” मुलगी म्हणाली.

“का नको? त्याबिगर लोक ऐकायचे नाय. लोक म्हनतील, दादा उगाच नमरपना दाखवतायत.”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं.”

मी ते सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटांचं झालं. संध्याकाळपर्यंत चाळीतून बिल्डिंगमध्ये आलं, बिल्डिंगमधून सेक्रेटरींकडे. त्यांचा फोन आला. “अहो, हे काय पाठवलंय? तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, “बरी आहे.” “मग आमच्या नातीचं—” “तेही तसंच, साहेब.” मग म्हणाले, “पण गेट तुम्ही दाखवलंत, ते तरी खरं ना?” मी म्हटलं, “ते खरं.” त्यांना थोडं हायसं वाटलं असावं. मलाही.

गल्लीत दोन-तीन जण आता माझ्याशी बोलत नाहीत. पानवाला जास्त बोलतो. मावशींनी आमच्याकडचं काम सोडलं, खालच्या मजल्यावर धरलं. बायको म्हणते, बरंच झालं, दोघांनाही तोंड लपवत फिरायला नको. वालाच्या शेंगा ह्या वर्षी आल्या नाहीत, आणि येऊ नयेत.

मावशींच्या मुलीला चैत्रात मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाने पिवळट-हिरवट ओकलं. हे मला खूप नंतर कळलं. तेही मावशींकडून नाही, पानवाल्याकडून. त्यांनी कोणाला विचारलं नाही. जवळच्या डॉक्टरांनी अँब्युलन्स बोलावली, ते बसले आणि थेट गेले. हॉस्पिटलने दोन दिवस ठेवून घेतलं, फोटो काढले, पोटात काही निघालं नाही. घरी पाठवलं. बाळ ठणठणीत आहे, रात्रंदिवस रडतं म्हणे.

मी तारीख विचारली आणि मनात ताडून पाहिलं. त्या दुपारी मी ड्युटीवर होतो. ते मागच्या गेटने आत आले, तेव्हा मी त्याच इमारतीत, त्यांच्या डोक्यावर दोन मजले, अभ्रे मोजत होतो. माझ्या नंबरवर एकही फोन आला नव्हता. मी मोबाइल काढून त्या दिवसाचे कॉल पुन्हा पाहिले. खरंच नव्हता.

पानवाल्याला म्हटलं, “चांगलं झालं.” तो म्हणाला, “तुम्हाला कळवलं नाही, वाईट वाटलं का?”

जरासं वाटलं. तेही त्याला सांगून टाकलं.